लाईट जाण्याआधी : वस्तीवरचा उजेड आणि फोन



वळवाचे दिवस आले की आपल्या भागात दुपारनंतर उगवतीकडून ढग चढतात, वावटळ सुटते, आणि पावसाचा पहिला टपोरा थेंब पडायच्या आत लाईट जाते. ती तासाभरात येईल की चार दिवसांनी येईल, हे त्या वेळी कोणालाच सांगता येत नाही. वायरमनलाही नाही. म्हणून लाईट गेल्यावर काय करावयाचे याचा विचार लाईट असतानाच करून ठेवलेला बरा. तहान लागल्यावर विहीर खणायला घेऊ नये, हे विहीर खणणाऱ्या माणसांना आम्ही वेगळे सांगायला नको.

या लेखात आम्ही दोनच गोष्टींचा विचार करणार आहोत. एक, घरात, गोठ्यात आणि रानात उजेड कसा ठेवावयाचा. दुसरी, फोन चालू कसा ठेवावयाचा, आणि फोन चालूच नसेल तर निरोप कसा पोचवावयाचा. दोन्ही गोष्टी एकाच साठ्यावर चालतात. तो साठा म्हणजे घरात साठवलेली थोडीशी वीज. धान्याची कणगी जशी पुरवून वापरतो, तशीच ही वीज पुरवून वापरावी लागते. एवढे ध्यानात आले म्हणजे बाकीचे सगळे सोपे आहे.

लाईट किती वेळ जाते?

लाईट जाण्याचे ढोबळमानाने तीन प्रकार करता येतील.

पहिला प्रकार डी.पी.वरचा. फ्यूज उडतो, जंप तुटतो, फांदी तारेवर टेकते. वायरमन पोचला की तास-दोन तासांत काम होते. दुसरा प्रकार वादळाचा. पोल वाकतात, तारा तुटतात, डी.पी. जळतो. अशा वेळी एक-दोन दिवस जातात, आणि आडवळणाच्या वस्तीवर त्याहून जास्त. तिसरा प्रकार मोठ्या संकटाचा. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, वारणा, पंचगंगेला जो महापूर आला, त्यात सांगली-कोल्हापूर भागातील वीज उपकेंद्रांत पाणी शिरले आणि लाखो ग्राहकांची वीज बंद ठेवावी लागली. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच झाले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा कोकणातील कितीतरी गावे आठवडेच्या आठवडे अंधारात होती आणि मोबाईलचे टॉवरही बंद पडले होते.

पाऊस-वारा नसतानाही हे होऊ शकते. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी देशाच्या उत्तरेकडील वीज जाळे लागोपाठ दोन दिवस कोसळले. दुसऱ्या दिवशी पूर्वेकडील आणि ईशान्येकडील जाळेही त्याबरोबर गेले आणि साठ कोटींच्या आसपास लोकांची वीज गेली. आपले पश्चिमेकडील जाळे त्यातून वाचले. पण १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी खुद्द मुंबईची वीज गेली आणि लोकलगाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. मुंबईवर जी पाळी येते ती आपल्या वाडीवर येणार नाही, असे कोणी समजू नये.

म्हणून आमचे सांगणे असे की, तयारी तीन रात्रींची करावी. तासाभराची अडचण त्यात आपोआप भागते, आणि खरे संकट आले तर मदत पोचेपर्यंत तग धरता येतो.

कारखान्यात लाईट दिसते, मग गावात का नाही?

हा प्रश्न हंगामात हमखास विचारला जातो. गावात अंधार गुडूप असतो आणि कारखान्याचे दिवे मात्र लांबून लखलखताना दिसतात. ज्या कारखान्यात सहवीज प्रकल्प आहे तिथे बगॅसवर बॉयलर चालतो, वाफेवर टर्बाइन फिरते, त्यातून वीज होते. कारखान्याला लागेल ती वापरून उरलेली वीज उच्च दाबाच्या वाहिनीने उपकेंद्राला जाते. ती तिथून सरळ तुमच्या गावात येत नाही, मोठ्या जाळ्यात मिसळते.

आता बाहेरचे जाळे बंद पडले की कारखान्याचे ब्रेकर क्षणार्धात आपोआप उघडतात आणि कारखाना जाळ्यापासून सुटा होतो. याला दोन कारणे आहेत. सुटा झाला नाही तर सगळ्या तालुक्याचा भार त्या एका टर्बाइनवर येऊन तीही बंद पडेल. दुसरे कारण जास्त महत्त्वाचे. लाईन बंद आहे म्हणून वायरमन पोलवर चढलेला असतो. त्या वेळी कारखान्याची वीज लाईनमध्ये गेली तर तो जागेवर मरेल.

हाच नियम आपल्या घरालाही लागू आहे, आणि तो पुष्कळांना माहीत नसतो. काही जण घरी जनरेटर आणतात किंवा ट्रॅक्टरवर अल्टरनेटर बसवतात आणि त्याची वायर सरळ घरातल्या प्लगमध्ये खुपसतात. मेन स्विच बंद करायचा राहिला तर ती वीज मीटरमधून उलटी बाहेर जाते. डी.पी. दोन्ही बाजूंनी काम करतो. जो डी.पी. अकरा हजार व्होल्टचे आपल्याला घरगुती दोनशे तीस करून देतो, तोच आपले दोनशे तीस उलटे अकरा हजार करून तारेत सोडतो. तार तुटलेली म्हणून कोणी हात लावायला जावे आणि आपल्या जनरेटरने त्याचा जीव घ्यावा, असे होऊ शकते. म्हणून जनरेटर लावायचा तर जाणत्या वायरमनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्यावा. तो नसेल तर जनरेटरला स्वतंत्र बोर्ड जोडून तेवढ्यावरच दिवे लावावेत.

घराच्या छतावर अनुदानातून सोलर पॅनेल बसवलेल्यांनीही हे समजून घ्यावे. लाईनला जोडलेली आणि बॅटरी नसलेली सोलर यंत्रणा लाईट गेली की ऊन असतानाही बंद पडते. यंत्र बिघडलेले नसते. वायरमनच्या जिवासाठी ते तसेच बनवलेले असते. सौर पंपाचे पॅनेल लाईनवर अवलंबून नसते हे खरे, पण म्हणून त्याच्या वायरी सोडून त्यावर फोन चार्ज करायला जाऊ नये. तिथे अनेक पॅनेल एकापुढे एक जोडून दाब वाढवलेला असतो. फोन तर जाईलच, पण माणसालाही जबर शॉक बसेल.

वीज किती लागते त्याचा हिशोब

आपल्या बिलातले एक युनिट म्हणजे हजार वॅटचे यंत्र एक तास चालले तर लागणारी वीज. पाच हॉर्सपॉवरची मोटार एका तासाला चार युनिटांच्या आसपास खाते. आजकालचा मोठा मोबाईल पाच हजार एम.ए.एच. बॅटरीचा असतो. तो पुरता भरायला, वाया जाणारी धरून, साधारण पंचवीस वॅट-तास लागतात. म्हणजे मोटार एका तासात जेवढी वीज खाते तेवढ्यात दीडशे फोन भरतील! नऊ वॅटचा एलईडी दिवा सहा तास जळला तर चोपन्न वॅट-तास लागतात. सांगायचा मुद्दा असा की उजेड आणि फोन यांना वीज फार थोडी लागते. ती थोडी वीज आधी साठवलेली हवी आणि भलतीकडे खर्च होता कामा नये, एवढेच.

उजेडाची व्यवस्था

पहिला मान हातातल्या बॅटरीला. घरात जेवढी मोठी माणसे तेवढ्या बॅटऱ्या असाव्यात आणि त्यांच्या जागा ठरलेल्या असाव्यात. एक उशाशी, एक गोठ्याच्या दाराशी, एक मोटारीच्या पेटीजवळ. अंधारात बॅटरी शोधायला दुसरी बॅटरी लागू नये. रात्रपाळीच्या लाईटवर दारे धरायला जाणाऱ्याने कपाळाला बांधायची बॅटरी घ्यावी. दोन्ही हात खोऱ्याला मोकळे राहतात आणि जिकडे नजर तिकडे उजेड पडतो.

हा चैनीचा प्रकार नव्हे. उसाच्या फडात आणि बांधाला नाग, घोणस, मण्यार आणि फुरसे या चारही विषारी जाती आपल्याकडे आढळतात. मण्यार तर रात्रीच फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणात चावते. लाईट गेली म्हणून उकाड्याने घराबाहेर, ओसरीवर निजायचे झाले तर खाटेवर निजावे, मच्छरदाणी नीट खोचावी आणि पाय खाली टाकण्याआधी बॅटरी मारून बघावी. सर्पदंश झालाच तर चिरा घेणे, करकचून आवळणे, देवऋष्याकडे नेणे यात वेळ घालवू नये. माणसाला चालवू नये, १०८ वर फोन करावा आणि प्रतिविष मिळेल अशा जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यावे. इथे उजेड आणि फोन या दोन्ही गोष्टींचा जिवाशी कसा संबंध येतो ते लक्षात येईल.

सेलवर चालणारी बॅटरी असेल तर सेल आत घालून महिनोन् महिने ठेवू नयेत. ते पाझरतात आणि स्प्रिंग गंजून जाते. सेल वेगळे, कोरड्या डब्यात ठेवावेत. चार्जिंगची बॅटरी असेल तर ती पडून राहिली तरी हळूहळू उतरते, म्हणून महिन्यातून एकदा चार्ज करावी. दिवस लक्षात राहत नाही अशी तक्रार असते. त्याला सोपा उपाय आहे. अमावास्येला आपण ट्रॅक्टरला, गाडीला नारळ फोडतो, लिंबू-मिरची बांधतो. त्याच दिवशी घरातल्या सगळ्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक चार्जिंगला लावाव्यात. देवही पावेल आणि बॅटरीही पावेल.

दुसरा मान चार्जिंगच्या बल्बला. हा साध्या होल्डरमध्ये बसतो, लाईट असताना आतली छोटी बॅटरी भरून घेतो आणि लाईट गेली की आपोआप लागतो. साधारण तीन-चार तास चालतो. एक स्वयंपाकघरात आणि एक ओसरीत असला म्हणजे घरधनिणीची धांदल होत नाही. नंतर बल्ब काढून हातात घेऊनही फिरता येते. रात्रभर मात्र तो पुरणार नाही, हे धरूनच चालावे.

तिसरा मान इन्व्हर्टरला, ज्यांच्याकडे तो आहे त्यांच्यासाठी. दीडशे ए.एच.च्या बारा व्होल्ट बॅटरीत नवी असताना अठराशे वॅट-तास वीज मावते. ती पुरती उपसली तर बॅटरी लवकर मरते, आणि जुनी बॅटरी तेवढी देतही नाही. म्हणून हिशोब निम्म्याचा, नऊशेचा धरावा. तीन दिवे आणि एक पंखा लावला तर साधारण शंभर वॅट होतात, म्हणजे आठ-नऊ तासांत खेळ खलास. पंखा बंद ठेवून दोनच दिवे लावले, आणि रात्री सहा तास वापरून बाकी वेळ इन्व्हर्टरचे बटण बंद ठेवले, तर तीच बॅटरी चार रात्री पुरते. लाईट गेल्यावर पहिल्या तासातच घरातल्या कर्त्या माणसाने ठरवावे की, टीव्ही आणि पंखा बंद. पोरंटोरं कुरकुर करतील, करू द्यावी.

इन्व्हर्टरच्या बॅटरीचे पाणी पावसाळ्याआधी बघावे. त्यात डिस्टिल्ड वॉटरच घालावे, विहिरीचे किंवा बोअरचे नव्हे. चार्ज होताना बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो, म्हणून ती हवेशीर जागी असावी आणि तिच्याजवळ काडी ओढू नये. पुराचे पाणी चढणाऱ्या घरात बॅटरी जमिनीवर न ठेवता कट्ट्यावर ठेवावी.

ज्यांच्याकडे इन्व्हर्टर नाही त्यांनी छोटे पॅनेल असलेला सौर कंदील घ्यावा. दहा वॅटचे पॅनेल स्वच्छ उन्हात दिवसाला चाळीस वॅट-तासांच्या आसपास वीज देते. एक कंदील आणि एक फोन त्यावर निभतो. आभाळ भरलेले असेल तर त्याची चौथाई मिळाली तरी पुष्कळ, म्हणून ऊन आहे त्या दिवशीच तो भरून ठेवावा.

आता जुन्या कंदिलाविषयी. रेशनवरचे रॉकेल पूर्वीसारखे मिळत नाही, तरी माळ्यावरचा कंदील कोणी भंगारात घालू नये. मात्र तीन पथ्ये पाळावीत. कंदिलात किंवा स्टोव्हमध्ये रॉकेलऐवजी पेट्रोल कधीही घालू नये, भडका उडतो. वैरणीजवळ, पाचटाजवळ कंदील टांगू नये. आणि दारे-खिडक्या बंद करून कंदील किंवा शेगडी पेटती ठेवून झोपू नये, कारण त्या धुराला रंग-वास नसला तरी माणूस झोपेतच दगावतो. जनरेटरही घरात, पडवीत चालवू नये ते याच कारणाने.

मेणबत्ती लावायचीच तर खोलगट ताटलीत वाळू घालून तिच्यात उभी करावी. हंगामात ऊसतोडणीच्या टोळ्या आपल्या रानात उतरतात. त्यांच्या कोप्या बांबू-पाचटाच्या असतात आणि आत लहान लेकरे निजलेली असतात. तिथे एक चिमणी कलंडली तर काय होईल ते सांगावयास नको. टोळी रानात उतरली की प्रत्येक कोपीमागे एक चार्जिंगची बॅटरी आहे का हे शेतमालकाने विचारावे, आणि ती भरायला आपल्या घरचा प्लग मोकळा ठेवावा. ज्यांच्या कष्टावर आपला ऊस कारखान्यात जातो त्यांच्यासाठी एवढे करणे आपले कर्तव्य आहे.

फोनची व्यवस्था

पूर्वी तारेचा टेलिफोन लाईट गेली तरी चालायचा, असे वयस्क सभासद सांगतात. ते खरे आहे. एक्स्चेंजमध्ये अठ्ठेचाळीस व्होल्टच्या बॅटऱ्या असत आणि त्यांचीच वीज त्या तांब्याच्या तारेतून आपल्या घरापर्यंत येई. आताचे फायबरचे कनेक्शन काचेच्या धाग्यातून येते. त्यातून वीज येत नाही. घरातला डबा बंद पडला की फोन आणि इंटरनेट दोन्ही बंद.

मोबाईलचे म्हणाल तर ध्यानात ठेवावे की, हातातला फोन आणि डोंगरावरचा टॉवर ही दोन वेगळी यंत्रे आहेत आणि दोघांनाही वीज लागते. टॉवरखाली बॅटऱ्या असतात, त्या काही तास चालतात. पुढे तिथला डिझेल जनरेटर चालू ठेवावा लागतो. पुरात रस्ता तुटला आणि डिझेल पोचले नाही तर टॉवर बंद. मग आपला फोन शंभर टक्के भरलेला असला तरी तो दगड.

यावरून करावयाच्या गोष्टी अशा :

१) आभाळ भरून आले, किंवा पुराचा इशारा आला, की घरातले सगळे फोन आणि पॉवर बँक तत्काळ चार्जिंगला लावावेत. रात्री निजताना लावू म्हणू नये. विजा कडाडायला लागल्या की मात्र चार्जर काढून ठेवावा.

२) मोठी लाईट गेली की महत्त्वाचे फोन पहिल्या तासा-दोन तासांतच, टॉवर जिवंत असताना, उरकून घ्यावेत. बोलणे थोडक्यात ठेवावे. फोन लागत नसेल तर साधा मेसेज पाठवावा. गर्दीत फोन अडकतो, पण मेसेज पुष्कळदा निघून जातो.

३) रेंज नसताना फोन सारखा टॉवर शोधत राहतो आणि बॅटरी भराभर उतरते. अशा वेळी विमानाचे चिन्ह असलेले बटण दाबून ठेवावे किंवा फोन बंद करावा. पुण्या-मुंबईच्या मुलाबाळांशी आधीच वेळ ठरवावी, उदाहरणार्थ सकाळी आठ आणि संध्याकाळी सात. त्या वेळी पाच-दहा मिनिटे फोन चालू करावा. तेही घाबरे होत नाहीत आणि आपली बॅटरीही टिकते.

४) फोनची बॅटरी बोलण्यासाठी आहे. तिच्यावर उजेड पाडू नये, गाणी-व्हिडिओ बघू नयेत. इंटरनेट बंद ठेवावे, पडद्याचा उजेड कमी करावा.

५) दहा हजार एम.ए.एच. असे लिहिलेली पॉवर बँक प्रत्यक्षात फोनला सहा हजारांच्या आसपास देते. बाकीची दाब बदलताना जाते. म्हणजे मोठा फोन एकदा भरतो आणि थोडी उरते. दोन फोन भरतील या भरवशावर राहू नये.

६) घरात एक साधा बटणाचा फोन ठेवावा. त्याची बॅटरी चार-चार दिवस जाते. घेताना एवढे बघावे की, काही कंपन्यांचे सिम जुन्या टू-जी फोनमध्ये चालत नाही. दुकानातच आपले सिम घालून फोन लावून बघावा. घरात दोन कंपन्यांची सिम असतील तर एकाचा टॉवर पडला तरी दुसऱ्याचा चालू राहण्याची आशा असते.

७) ११२ हा संकटाचा नंबर आपल्या कंपनीची रेंज नसतानाही दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून लागू शकतो. पडद्यावर रेंज दिसत नाही म्हणून हात टेकू नयेत, लावून बघावा.

८) ट्रॅक्टर ही फिरती बॅटरी आहे. बारा व्होल्टच्या सॉकेटमध्ये बसणारा मोबाईल चार्जर बाजारात मिळतो, तो एक आणून ठेवावा. एक फोन भरायला ट्रॅक्टरच्या बॅटरीतून दोन ए.एच.च्या आसपास जातात. चार-पाच फोन भरले तरी चांगली बॅटरी ट्रॅक्टर सुरू करायला कमी पडत नाही. शक्यतो ट्रॅक्टर कामाला चालू असतानाच फोन लावावा. बॅटरीच्या दोन टोकांना उघड्या वायरी जोडून फोनला लावण्याचा उद्योग करू नये. मोटारसायकलची बॅटरी लहान असते. तिच्यावर भरवसा ठेवायचा तर इंजिन चालू ठेवूनच.

९) फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावा. भिजलाच तर लगेच चार्जिंगला लावू नये. बंद करून, पुसून, हवेशीर जागी पुरता वाळू द्यावा.

नंबर कागदावर हवेत

आज कोणाला कोणाचा नंबर पाठ नाही. फोन बंद पडला की सगळे गोत फोनच्या पोटात अडकते. म्हणून एका जाड कागदावर शाईच्या पेनाने नव्हे, बॉलपेनाने ठळक अक्षरात नंबर लिहावेत आणि प्लॅस्टिकमध्ये घालून कपाटाच्या आतल्या बाजूस चिकटवावेत. त्यात हे नंबर असावेत : मुले आणि जवळचे पाहुणे, शेजारच्या दोन वस्त्या, पोलीस पाटील, तलाठी, वायरमन, जनावरांचे डॉक्टर, दूध संस्था, आपला चिटबॉय आणि कारखान्याचे गट कार्यालय. त्याखाली सरकारी नंबर : रुग्णवाहिका १०८, तातडीची मदत ११२, वीज तक्रार १९१२, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७. वीज बिलावरचा आपला ग्राहक क्रमांकही तिथेच लिहावा. तक्रार नोंदवताना तो पहिल्यांदा विचारतात.

चिटबॉय आणि गट कार्यालय आम्ही मुद्दाम सांगितले. हंगामात तारा एकमेकींना घासून ठिणगी पडते आणि फड पेटतो. जळालेल्या उसाचे वजन आणि साखर रोज उतरत जाते, तो लवकरात लवकर तोडून गाळावा लागतो. खबर जेवढी उशिरा, तेवढे सभासदाचे नुकसान जास्त. त्या रात्री फोन उतरलेला असेल तर वर्षभराच्या कष्टाचे पैसे त्या उतरलेल्या बॅटरीपायी जातील. फोन लागत नसेल तर मोटारसायकलवर माणूस पाठवावा, पण सकाळची वाट बघू नये.

फोनच नसेल तर

सगळे करूनही टॉवर बंद पडला तर? आपले आजे-पणजे फोनशिवाय राहिले, ते निरोपावर. ती पद्धत पुन्हा उभी करता येते. प्रत्येक वस्तीने एक जागा ठरवावी. देऊळ, शाळा, तालीम, दूध डेअरी, जी उंचावर असेल ती. मोठी लाईट गेली की सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी घरटी एक माणूस तिथे यावा. कोणाकडे पाणी चढले, कोण आजारी आहे, कोणाचे जनावर अडकले, ते तिथे कळते. एकटी राहणारी म्हातारी माणसे, बाळंतीण, अपंग यांची नावे आधी काढून कोणत्या तरुणाने कोणाकडे जावयाचे ते वाटून द्यावे. तरुण मंडळांनी हे काम अंगावर घ्यावे. सेलवर चालणारा एक रेडिओ वस्तीत असावा, म्हणजे बातमी कळते आणि अफवा पसरत नाही.

तार तुटून पडलेली दिसली तर ती बंद आहे असे धरून कोणीही तिच्याकडे जाऊ नये. ओल्या रानात तर लांबूनच थांबावे, जनावरे आवरावीत, दोन्ही बाजूंना माणूस उभा करून येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवावे आणि वायरमनला कळवावे. आणि लाईट परत येते तेव्हा सगळ्यांच्या मोटारी ऑटो स्विचवर एकदम सुरू होऊन डी.पी.चा फ्यूज पुन्हा उडतो, गाव पुन्हा अंधारात. तेव्हा लाईट गेली की ऑटो स्विच बंद करावा आणि आली की थोडे थांबून मोटार चालू करावी.

एक रात्र तालीम करा

शेवटी एक सूचना. हे सगळे वाचून घडी घालून ठेवू नका. या आठवड्यात एका संध्याकाळी सातला घरचा मेन स्विच स्वतः बंद करा आणि नऊपर्यंत तसाच ठेवा. बॅटरी सापडते का, बल्ब लागतो का, इन्व्हर्टर किती वेळ ओढतो, आजीला उठून मोरीपर्यंत जाता येते का, पोराला कागदावरचा नंबर वाचून फोन लावता येतो का, ते सगळे त्या दोन तासांत कळेल. जे कमी पडेल ते दुसऱ्या दिवशी बाजारातून आणा. दोन बॅटऱ्या, दोन चार्जिंगचे बल्ब, एक पॉवर बँक आणि ट्रॅक्टरचा एक चार्जर, एवढे सामान साधारण एका टन उसाच्या पैशात बसते.

उसाचे बेणे आपण लागणीच्या आधी निवडतो, खत आधी आणून ठेवतो, पाण्याची पाळी आधी विचारतो. शेतकऱ्याला आधी तयारी करण्याची सवय जात्याच आहे. तीच सवय या एका बाबतीत लावून घ्यावी आणि आपल्या शेजारच्या, ज्याच्याकडे हे पत्रक जात नाही अशा घरालाही सांगावे, एवढीच आमची सर्व सभासदांना कळकळीची विनंती आहे. कळावे.